पृथ्वीचं चुंबकत्व प्राण्यांचं घड्याळ लावतं? मला नाही पटत

निशाचर:
चुंबकीय वादळ आलं, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात मोठी खळबळ झाली, की पशुपक्ष्यांचं दिवसरात्रीचं चक्र बिघडतं, असं हल्ली छातीठोकपणे सांगतात आणि पुरावा म्हणून फळमाशी पुढे करतात. तो पुरावा नीट वाचा. 2009 साली योशी, अहमद आणि हेल्फ्रिश-फर्स्टर यांनी माश्या सतत मंद निळ्या प्रकाशात ठेवून चुंबकीय क्षेत्र लावलं. 300 मायक्रोटेस्लाला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) परिणाम सर्वांत ठळक होता, बऱ्याच माश्यांचं शरीरातलं दैनिक घड्याळ मंदावलं. लाल प्रकाशात फरक नाही, क्रिप्टोक्रोम हे प्रथिन बिघडलेल्या माश्यांतही नाही. प्रयोग देखणाच आहे. पण आपल्या अलिबागला पृथ्वीचं क्षेत्र भरतं जेमतेम 43 मायक्रोटेस्ला, आणि शांत दिवशी सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यात ते हलतं मायक्रोटेस्लाच्या काही शतांशांनी. रोज लख्ख उजाडत असताना एवढ्याशा हेलकाव्यावर कोण घड्याळ लावेल?

भरतीवेडी:
आकडे मान्य, निष्कर्ष घाईचा. माशीच्या घड्याळाला उजाडल्याची वर्दी देणारं प्रथिन क्रिप्टोक्रोमच. निळा प्रकाश पडला की त्यात एक इलेक्ट्रॉन जागा सोडतो, दोन इलेक्ट्रॉन एकेकटे उरतात आणि त्यांच्या फिरकीचा (स्पिनचा) मेळ चुंबकीय क्षेत्राने बदलू शकतो. म्हणजे प्रकाशाचा निरोप जातो त्याच वाटेवर चुंबकत्वाला शिरकाव आहे. युरोपातला रॉबिन पक्षी पृथ्वीच्या याच दुबळ्या क्षेत्रावर दिशा धरतो. ब्लिस आणि हेपनर यांनी 1976 साली चिमण्यांभोवतीचं क्षेत्र जवळपास शून्यावर आणलं, तेव्हा त्यांच्या हालचालींच्या लयीवर परिणाम दिसला होता. हे सगळं झटकून टाकायचं का?

निशाचर:
झटकत नाही. पण दिशा कळणं वेगळं आणि वेळ कळणं वेगळं. मदुराईच्या मरिमुत्तू, राजन आणि चंद्रशेखरन यांचं 1981चं काम बघा. गुहेतल्या काळोखात कोंडलेलं वटवाघूळ आजूबाजूची वसाहत ये-जा करत होती तोवर 24 तासांची लय धरून होतं. जातभाई नसलेल्या गुहेत मात्र त्याची लय स्वतःच्या गतीने सरकत गेली. चुंबकीय क्षेत्राचा रोजचा फेरा त्या गुहेतही होताच की! त्याने घड्याळ जुळवलं नाही. माझ्या लेखी हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

प्रयोगवही:
मला खटकतं ते वेगळंच. 2014 साली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गटाने माश्यांवर तसाच प्रयोग केला, तर घड्याळ मंदावण्याऐवजी जलद झालं. दिशाच उलटी! 2023 साली लाखभर माश्या तपासून एका गटाने वागण्यावर काहीच परिणाम नाही म्हणून सांगितलं, मात्र त्यांनी चक्रव्यूहातली निवड आणि चढणं पाहिलं, दैनिक लय नाही. दोन्ही बाजू हा निकाल सोयीने वापरतात, ते थांबवा.

भरतीवेडी:
वटवाघळाचा मुद्दा वजनदार आहे, निशाचर. अंधारात क्रिप्टोक्रोम जागंच होत नाही, हे त्यावर माझं उत्तर. चुंबकत्व एकटं घड्याळ लावतं असा माझा दावा नाहीच, प्रकाशाचा जोर ते कमीजास्त करतं एवढाच आहे. तेव्हा मंद उजेडातला, संधिप्रकाशातला प्राणी घेऊन तपासा. आणि प्रयोगातले प्राणी ज्या उबवणपेटीत ठेवतात तिच्या आत, पंख्याच्या मोटरीजवळ क्षेत्र किती भरतं ते आधी मोजा. विजेच्या ट्रामने नोंदी बिघडतील म्हणून 1904 साली मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचं पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं काम अलिबागला हलवलं होतं. घड्याळाच्या प्रयोगांनाही तेवढीच काटेकोर जागा द्या, मग 2009 आणि 2014 मधला तिढा सुटतो का ते पाहू.