चर्चा: मातीतल्या कुस्तीनं बाहेरचे डाव उचलावेत का?

गादीप्रेमी
मातीतल्या पोरांची उभी कुस्ती बघत राहावी अशी. ढाक म्हणा, टांग म्हणा, तोड नाही. पण तीच पोरं मॅटच्या गादीवर उतरली आणि समोरच्यानं कब्जा घेतला, म्हणजे मागून पाठीवर ताबा मिळवला, की बघता बघता सहा-आठ गुण जातात. माझं म्हणणं एवढंच: आठवड्यातले दोन दिवस तालमीत फ्रीस्टाईलची खालची कुस्ती आणि ज्युदोची हातापकड वेगळी शिकवा.

टोकियो ऑलिंपिकची 57 किलोची उपांत्य कुस्ती आठवा. कझाकस्तानच्या सनायेवनं रवी दहियाला फितले लावला आणि फलक 9-2 वर नेला. हा डाव बसतो कसा? समोरचा पालथा पडला की पायांशी जायचं, घोट्यावर घोटा चढवायचा, दोन्ही कवेत घेऊन छातीशी आवळायचे आणि आपलं अंग टाकून गोल फिरायचं. पलटीला 2 गुण, आणि 10 ची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली. आपली पोरं पालथी पडली की सवयीनं पाय जुळवून चवडे रोवतात. मातीत ते बरोबरच, पाय रुतला की अंग हलत नाही. गादीवर रुतायला काही नाही, आणि जुळलेले पाय म्हणजे समोरच्याला वाढलेलं ताट.

हौदा
उदाहरण छान दिलंत, पण अर्धंच. ती कुस्ती जिंकली कोणी? 9-2 नं मागे पडलेल्या रवीनं, तीही चीतपट करून. गुणांच्या हिशोबात ती गेलेली कुस्ती होती. खांदे टेकवल्याशिवाय कुस्ती संपत नाही, हे मातीचं शिक्षण तिथं कामी आलं. शिवाय रवी लहानपणापासून दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये तयार झालेला. रोज गादीवर सराव करणाऱ्यालाही फितले बसतो, मग दोष मातीचा कसा?

आणि ज्युदोची हातापकड कशाला? ती सगळी जाकिटाच्या कॉलरवर आणि बाहीवर. हौद्यात, म्हणजे मातीच्या आखाड्यात, धरायला लंगोट नाहीतर जांघिया, बाकी घामट अंग. म्हणून तर आपण समोरच्याच्या मानेवर, दंडावर माती टाकतो, हात सरकू नये म्हणून. खांद्यावरून मारायचा डाव हवा तर धोबीपछाड आहे की घरात.

कराडकर
हौदाभाऊ, घरात आहे म्हणून शेजाऱ्याकडे बघायचंच नाही का? खाशाबा जाधव 1948 ला लंडनला सहावे आले, 1952 ला हेलसिंकीत कांस्य घेऊन आले. गादी आणि तिथले नियम अंगवळणी पडायला मधली चार वर्षं लागलीच ना? ज्युदोचे जनक कानो जिगोरोंनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची तालीम काढली तीही जपानच्या जुन्या जुजुत्सूच्या दोन घराण्यांतलं घेऊन, घातक डाव बाजूला काढून. कोदोकानमध्येच शिकलेल्या ओश्चेपकोवनं रशियात ज्युदो नेला, त्यात तिथल्या लोककुस्त्या मिसळल्या आणि 1938 मध्ये सोव्हिएत सरकारनं त्यातून झालेल्या सांबोला खेळ म्हणून मान्यता दिली. कुणाचंच काही बुडालं नाही.

हौदा
बुडालं नाही? त्याच ज्युदोनं 2010 मध्ये थेट पायाला हात घालणं बंद केलं आणि 2013 मध्ये उभ्यानं कंबरेखाली हात लावणंच काढून टाकलं. आपल्या भाषेत पट गेला. त्यांचा काता-गुरुमा, म्हणजे जवळजवळ आपला कलाजंग, खांद्यावर आडवा उचलून टाकायचा डाव, तोही मूळ रूपात मारता येईना. खेळ एकदा नियमावलीच्या मागे लागला की आधी डाव मरतात.

दस्ती
दोघंही डावांवर भांडताय, जमिनीबद्दल कुणीच बोलत नाही. गादीवर पट काढताना गुडघा टेकतो आणि सरकतो, त्या सरकण्यातच माणूस आत घुसतो. मातीत तोच गुडघा रुततो, अंग मागे राहतं, डोकं पुढे जातं आणि वरून मान दाबली की आपणच पालथे. म्हणून मातीत पट काढताना गुडघा न टेकता पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांमध्ये टाकायचा, कपाळ त्याच्या बरगडीला आणि तिथूनच उचलायचं. गादीचा पट हौद्यात शिकवला की पोरगं दोन्हीकडचं बिघडवून बसतं. शिकवायचाच तर गादीवर, बूट घालून. बुटाचंही एक आहे: घामट घोटा निसटतो, बुटावर मात्र पकड बसते. अनवाणी सुटणारा फितले बूट घातल्यावर सुटत नाही, हे पोरांना गादीच्या स्पर्धेत गेल्यावर कळतं.

गादीप्रेमी
हे पटलं. मग सुटायचं कसं तेही लिहितो. घोटे एकदा चढले की नुसत्या ताकदीनं निघत नाहीत, जे करायचं ते आधी. कब्जा गेला की ओटीपोट खाली चिकटवायचं, एक पाय लांब, दुसरा गुडघ्यात मुडपून बाजूला, म्हणजे घोटे एका रेषेत येत नाहीत. समोरचा कंबर सोडून पायांकडे सरकला, तो क्षण आपला: लगेच कुशीवर होऊन त्याच्याकडे तोंड करायचं आणि उठून बसायचं. पाठ मात्र गादीकडे वळू द्यायची नाही, नाहीतर आपणच गुण देऊन बसतो. भारंदाजला, म्हणजे कंबरेला मिठी मारून फिरवायच्या डावाला, कोपरं बरगडीशी घट्ट आणि ज्या बाजूला तो फिरवतोय त्या बाजूचा हात-पाय बाहेर टेकून अडसर. चार पायांवर उंच राहिलं की त्याची कंबर खाली शिरते आणि मग फिरणं अटळ. सराव 30 सेकंदांचा, सहा वेळा, लगेच अदलाबदल. यापेक्षा जास्त वेळ पंच सहसा खाली ठेवत नाहीत.

हौदा
यात नवीन काय? खालची कुस्ती आपलीच. सवारी भरणं म्हणजे पाठीवर बसून पाय आत गुंतवणं. हल्ली तेच ब्राझीलच्या जुजुत्सूचं म्हणून पैसे भरून शिकतात! त्या जुजुत्सूत पाठीवर पडून लढतात, आपल्याकडे पाठ टेकली की अस्मान. तिकडून घ्यायला काही नाही.

कराडकर
सवारी आपली, मान्य. पण किती तालमीत शिकवतात? मेहनत म्हणजे जोर, बैठका आणि उभ्याची लढत. खाली गेलं की वस्ताद "उठा" म्हणतात. आणि गादीचं वर्तुळ 9 मीटरचं, बाहेर पाय पडला की 1 गुण जातो. मातीतलं पोरगं मागे सरकत खेळवायला शिकलेलं असतं. निदान हौद्यात फक्कीनं गोल आखा. त्याला ना ज्युदो लागतो ना रशिया.

हौदा
गोल आखायला हरकत नाही. फक्की मात्र डोळ्यांत जाते. काव वापरा.

दस्ती
लाल मातीवर काव दिसणार कशी, अण्णा? सुताची दोरी पुरा.