समितीच्या पैशात नवा वजनकाटा घ्यावा का दुसरं काही?

तुरीचं_वरण
रामराम मंडळी. पहिल्यांदाच ग्रामपंचायतीत निवडून आलो, यवतमाळ जिल्ह्यातलं लहानसं गाव, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) १४ किलोमीटर. गावच्या आरोग्य-पोषण समितीले वर्षाचा दहा हजारापर्यंत अबंध (कोणत्या एका कामाले न बांधलेला) निधी असते, तर सरपंच म्हणते अंगणवाडीले डिजिटल काटा घेऊ अन रंग मारू. मले पटून नाही रायलं. मागच्या महिन्यात अंगणवाडीच्या ताईनं एका १४ महिन्याच्या पोरीच्या दंडाले टेप लावली, लाल म्हणजे धोक्याचा रंग आला, पायावर सूज पण होती, म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात न्या म्हणलं. नेलं नाही. मी घरी गेलो तर माय कापूस वेचाले निघाली होती, पोरगी आजीच्या मांडीवर, हातात चहात बुडवलेलं बिस्कूट. माय म्हणे १४ दिवस तिथं बसली तर मोठ्या दोघाईले कोण पाहीन? मले काही बोलता नाही आलं. आता सांगा, काट्यानं काय होईन?

रिटायर_सिस्टर
बाळा, आधी ती मुलगी. दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, आणि दोन्ही पायांवर सूज असेल तर घरी थांबायचंच नाही, आजच १०८ ला फोन कर. सूज नाही, ताप-जुलाब नाही, मूल आवडीनं खातं, असं असतं तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात भागलं असतं, हा फरक तिच्या घरी कोणी नीट सांगितलाच नसेल. केंद्रात राहिल्याची बुडीत मजुरी आईला मिळते पण ती मागाहून खात्यात येते, आणि किराणा तर आज लागतो ना. तीस वर्षं हेच पाहिलं, मोजमाप होतं, रजिस्टर भरतं, मोजल्यानंतर घरातून बाई निघेल कशी ते कोणाच्याच कामात नसतं.

नागपुरी_संत्रं
हे सगळं सरकारचं काम आहे हो. आदिवासी-डोंगरी भागात २० हजाराला एक पीएचसी अन बाकी ठिकाणी ३० हजाराला, कागदावर आहेच की, तिथं डॉक्टर बसवा म्हणावं. दहा हजारात काय होते, चहापाणी?

रिटायर_सिस्टर
डॉक्टर हवाच, त्यात वाद नाही. पण गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या बंग दांपत्यानं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, श्वास मोजायचा, बाळ ऊबदार ठेवायचं, जंतुसंसर्गाला इंजेक्शन, तर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्के उतरला. १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. आज आशा ४२ दिवसांपर्यंत बाळंतिणीकडे जाते ते तिथूनच आलं. त्या बायका पुन्हापुन्हा त्या घरात जायच्या, सगळं काम तिथं झालं.

सेविका_ताई
मी १९ वर्षं अंगणवाडीत हाये. काटा आमच्याकडं दोन हायेत, एक चालते 😄 मोबाईलमध्ये फोटो, वजन, उंची सगळं भरतो, रेंज नसली तर टेकाडावर जाऊन भरतो. पण लेकराले काय खाऊ घालतात ते पाह्याले वेळ कुठं उरते? आमच्या गावात अजूनबी वरणाचं वरचं पाणी पाजतात, म्हणे पचाले हलकं. अरे त्यात हाये काय? लेकराचं पोट मुठीएवढं, पाण्यानंच भरून जाते. खालचं घट्ट वरण, भात कुस्करून, वरून चमचाभर तेल, शेंगदाण्याचा कूट, दिवसातून चार-पाच खेपा. घरी न्यायचं पाकीट देतो ते बरेचदा बकरी खाते, खरं सांगून रायली. अन वेचणीच्या दिवसात माय सकाळी जाते ते संध्याकाळीच येते, मंग त्या चार खेपा कोण देईन? आजीचे तर हात थरथरतात.
माझं ऐकत असशीन तर रंग-बिंग राहू दे. कापसाचे दोन महिने अंगणवाडीतच एक बाई बसव, बारकी लेकरं सांभाळाले अन खाऊ घालाले. तेल-कूट समितीतून. अन कोणाले भरती करायचं असलं तर त्या घरच्या मोठ्या पोराईचं जेवण बी तिथंच.

नागपुरी_संत्रं
ऑडिटवाला विचारन रंगाचं बिल कुठं आहे 😂 पण ताईचा मुद्दा पटला.

तुरीचं_वरण
सिस्टर, तुमचं वाचून संध्याकाळीच गेलो. आशाताई संग होती, तिनं पायावर अंगठा दाबून धरला तर खड्डा तसाच रायला, ते पाहून बापच उठला अन गाडीत बसला. पोरगी भरती हाये, माय संग हाये. मोठे दोघं आमच्या घरी जेवून रायले, आई कुरकुर करते पण वाढते. बुधवारी समितीची मीटिंग लावली. सेविका ताई, त्या बाईले रोजचे किती द्यावं लागन, वेचणीच्या मजुरीएवढं तर पायजेच ना?

सेविका_ताई
तेवढं नाही दिलं तर तीबी कापसातच जाईन बावा.