शब्द सुचवा : 'डीकलोनियल'

पिंपळपान :
भाषांतर करत असलेल्या लेखात 'पोस्टकलोनियल' आणि 'डीकलोनियल' हे शब्द एकाच वाक्यात आलेत. पहिल्यासाठी 'वसाहतोत्तर' रुळलाय. दुसऱ्यासाठी 'निर्वसाहतिक' लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, 'कोणाची वसाहत उठवताय?'

अडकित्ता :
रास्त प्रश्न! आपल्याकडे वसाहत म्हणजे पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत. 'निर्वसाहतीकरण' वाचलं की डोळ्यांपुढे महापालिकेचा जेसीबीच येतो. दोन्हीकडे 'वसाहतोत्तर' लिहून मोकळ्या व्हा. फरक फक्त प्राध्यापकांना कळतो.

शेवगा :
असं करू नका, लेखाचा जीवच जाईल. दोन्ही विचारांची घराणी वेगळी आहेत. 'वसाहतोत्तर' मांडणी प्रामुख्याने इंग्रज-फ्रेंच साम्राज्यांकडे, म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकाकडे पाहते. 'डीकलोनियल'वाले लॅटिन अमेरिकेतले. त्यांची सुरुवात 1492 पासून, कोलंबसापासून.

आधी मूळ संकल्पना बघा. पेरूचे समाजशास्त्रज्ञ आनिबाल किहानो यांनी 1990च्या सुमारास 'कोलोनियालिदाद' (इंग्रजीत 'कोलोनियॅलिटी') हा शब्द मांडला. राज्यकर्ते निघून जातात, पण माणसांची वंशावरून लावलेली उतरंड, कोणी कुठलं काम करायचं याची वाटणी आणि ज्ञान कशाला म्हणायचं याचं माप मागेच राहतं. पेरूचंच घ्या. 1821 मध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं, मूळनिवासींवरचा खास कर रद्द झाला. पाच वर्षांत तोच कर 'काँत्रिबुसियोन' (वर्गणी) असं सभ्य नाव घेऊन परत आला आणि 1854 पर्यंत चालू राहिला. स्पॅनिश अंमल गेला, वसूल करणारे आता प्रजासत्ताकाचे. याला 'वसाहतवाद' म्हणता येत नाही, तो तर संपला होता. म्हणून 'वसाहतिकता' हा वेगळा शब्द लागतो.

पिंपळपान :
'वसाहतिकता' चालेल. पण लेखात युरोपकेंद्री आधुनिकतेवर टीका आहे, ती यात कशी बसते?

शेवगा :
तिथे तत्त्वज्ञ एन्रिके दुसेल येतात. जन्म अर्जेंटिनातला, 1970च्या दशकात देश सोडून मेक्सिकोत गेले. आधुनिकता युरोपात आपली आपण उगवली आणि मग जगभर पसरली, हे त्यांना मान्य नाही. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं वाक्य 1637चं. स्पॅनिश सेनानी कोर्तेसने मेक्सिकोतली अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोचतित्लान 1521 मध्येच घेतली होती. दुसेल म्हणतात, विचार करणाऱ्या 'मी'च्या शंभरेक वर्षं आधी जिंकणारा 'मी' तयार झाला होता. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या खाणींतून स्पेनने काढलेली चांदीही त्याच हिशेबात धरायची.

माडाखाली :
गोव्याचं काय? 1510 ते 1961. पोर्तुगीज गेले, पण 1867च्या त्यांच्या नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा अजून चालतो. ही 'वसाहतिकता'च ना?

शेवगा :
जपून. जुना कायदा टिकला एवढ्यावरून नाही. गोव्यात कित्येकांना तो कायदा हवासा वाटतो, मुलींना वारसाहक्क देतो म्हणून. कोणाला खाली ठेवण्याची व्यवस्था टिकली, हे दाखवावं लागेल.

अडकित्ता :
मग आपल्याकडे 'पाश्चात्त्य सगळं फेका, आपलं सोनं बाहेर काढा' म्हणणारेही स्वतःला डीकलोनियल म्हणवतात, त्यांचं काय?

शेवगा :
त्यांना शब्द आवडलाय, विचार नाही. दुसेल आधुनिकतेला सरसकट नाकारत नाहीत. तिच्या मुक्तीच्या बाजूसह, तिने बाहेर ठेवलेल्यांना घेऊन पलीकडे जायचं, म्हणून ते 'ट्रान्समॉडर्न' म्हणतात. आणि सोनं कोणाच्या घरातलं, हेही विचारायला हवं. जातीची उतरंड काही जहाजातून आली नाही.

उलटी टीकाही घरातूनच झाली आहे. बोलिव्हियाच्या समाजशास्त्रज्ञ सिल्व्हिया रिव्हेरा कुसिकांकी यांनी वाल्तर मिन्योलो यांच्यासारख्या, अमेरिकी विद्यापीठांत बसून हा शब्द चालवणाऱ्यांना चांगलंच फैलावर घेतलं. डोंगरातल्या आयमारा-केचुआ मूळनिवासींचे विचार कच्चा माल म्हणून उचलायचे आणि पक्का माल करून त्यांनाच विकायचा, हा जुनाच व्यापार असं त्यांचं म्हणणं. मला ते बरंचसं पटतं.

पिंपळपान :
म्हणजे 'कोलोनियॅलिटी'ला वसाहतिकता आणि 'डीकलोनियल'ला...?

शेवगा :
'वसाहतिकताविरोधी'. लांबलचक आहे, मान्य. पण जेसीबी येत नाही.

अडकित्ता :
शीर्षकात मावणार नाही. तिथे सरळ 'डीकलोनियल' ठेवा, आत पहिल्या परिच्छेदात उलगडा.

पिंपळपान :
तसंच करते. पेरूच्या कराचं उदाहरण तळटीपेत घालते.