परभणीत काळ्या मातीवर जी+१ (तळमजला आणि वर एक मजला) : वाळू भरावी की अंडररीम पाइल (बुडाशी फुगवटा असलेला, जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खांब)?

पायाखालचा_दगड: प्लॉटवर ६ मीटर काळी माती, खाली मुरूम. मे महिन्यात माती तपासायला एकच बोअर झाला. दोन मीटरवर एन (माती किती घट्ट आहे ते सांगणारे हातोड्याचे ठोके) १४, फ्री स्वेल (माती पाण्यात किती फुगते) ९१ टक्के. ठेकेदार म्हणतो, दीड मीटर खोदून वाळू भरू आणि त्यावर फुटिंग (खांबाखालचा रुंद काँक्रीटचा पाया) घेऊ. चालेल का?

मुरूमवाला: वाळू नकोच. काळ्या मातीत वाळूचा खड्डा म्हणजे पाण्याची टाकी. पावसाचं पाणी आत शिरतं, खालच्या मातीला निचरा नाही, म्हणून ती फुटिंगच्या बुडाशीच फुगते. भराव करायचाच तर न फुगणारा, चिकट अंश असलेला मुरूम १५-२० सेंमीच्या थरांत, ओलावा सांभाळून दाबायचा. धुतलेल्या खडीसारखा मोकळा मुरूमही वाळूइतकाच वाईट.

फ्री स्वेल परत करून घ्या, स्वस्त आहे. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गेलेली १० ग्रॅम माती दोन नळ्यांत, एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत रॉकेल, २४ तास. रॉकेलात ११ मिली आणि पाण्यात २१ मिली आली, की तुमचे ९१ टक्के. पण पायाच्या डिझाइनला हवा तो स्वेलिंग प्रेशर, म्हणजे फुगताना माती किती जोराने ढकलते ते; तो रिपोर्टमध्ये दिसत नाही. मागा.

एन_व्हॅल्यू: मे महिन्यातल्या १४ वर भुलू नका. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतो, पहिले १५ सेंमी सोडून पुढच्या ३० चे ठोके मोजतात. वाळलेली काळी माती विटेसारखी असते, ठोके वाढणारच. पावसाळ्यानंतर तिथेच निम्मेही राहणार नाहीत. आणि एका बोअरवर घर? निदान दोन कोपऱ्यांत घ्या, मुरूमाची पातळी तिरकी असू शकते.

पायाखालचा_दगड: मग पाइलच? किती खोल?

मुरूमवाला: हो. ३० सेंमी व्यासाचा पाइल, बल्ब (बुडाचा फुगवटा) ७५ सेंमी. साडेतीन मीटर ही किमान खोली, कारण साधारण तिथवर माती ऋतूप्रमाणे फुगते-आटते. तुमच्याकडे पाच मीटरपर्यंत न्या. सळ्या वरपासून तळापर्यंत हव्यात. वरची माती फुगताना पाइल वर ओढते, अर्ध्यावर सळ्या संपल्या की तिथेच तुटतो. बल्ब कापला की त्याच दिवशी काँक्रीट ओता. रात्रभर ठेवलात तर बल्बच्या पोकळीचं छत ढासळतं, आणि वरून काही कळत नाही!

एन_व्हॅल्यू: प्लिंथ बीमखाली (पाइल जोडणारा, भिंती पेलणारा जोत्याचा बीम) ८० मिमी पोकळी ठेवा. ती मातीने बुजवली, की फुगणारी माती बीमच उचलते आणि पाइलवर केलेला सगळा खर्च वाया जातो.