दंडाने पोरं शाळेत येणार नाहीत
गैरहजर मुलांच्या पालकांना दंड लावा, असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबाला लावून बघा! नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एकच जोडी धरतात; मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल केव्हाच खर्चून गेलेली. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरवर बिऱ्हाड चढतं, ते मार्च-एप्रिलला परततं. थोरली पोर सोबत जातेच. पहाटे आई उसाच्या फडात गेल्यावर कोपीतलं, म्हणजे झोपडीतलं, तान्हं कोण बघणार?

त्यापेक्षा हंगामी वसतिगृह बरं. नाव वसतिगृह, पण पोरं गावातच आजीपाशी राहतात, जेवण सरकारी खर्चाने. (आजीच कारखान्यावर गेली असेल तर बोंबला.) पण ते गाड्या हलायच्या आधी सुरू व्हायला हवं. आमच्याकडे एका वर्षी मंजुरी डिसेंबरात आली; तोवर मागचे तीन बाक रिकामे झाले होते.