मदत हवी: घरी बनवलेले सीएनसी (संगणकाच्या आकड्यांवर चालणारे कोरीवयंत्र), १०० मिमी सांगितले की ५० मिमीच सरकते, शिवाय मध्येच अलार्म १ (टोकाचा स्विच लागल्याचा इशारा)

आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारे सॉफ्टवेअर), सीएनसी शील्ड व्ही३ (ड्रायव्हर बसवायचा वरचा बोर्ड), डीआरव्ही८८२५ ड्रायव्हर (मोटरला करंट देणारी चिप), १.५ अँपिअरच्या नेमा १७ स्टेपर मोटरी, २४ व्होल्ट पुरवठा. तिन्ही अक्षांना ८ मिमी लीडचे (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारे) टी८ स्क्रू. ड्रायव्हरखाली मायक्रोस्टेप (एका स्टेपचे भाग) ठरवणारे तिन्ही जंपर (एम०, एम१, एम२) लावलेत. $१०० ते $१०२ (दर मिमीला स्टेप) = ४०० (फेऱ्याच्या २०० स्टेप × १६ मायक्रोस्टेप ÷ ८), $११० (एक्सचा कमाल वेग, मिनिटाला मिमी) = ५०००, व्हीरेफ (ड्रायव्हरचा करंट ठरवणारा व्होल्टेज) १.२ व्होल्ट.

अडचणी:
१. प्रत्येक अक्ष सांगितलेल्या अंतराच्या बरोबर निम्मा सरकतो.
२. काही मिनिटे काम चालले की एखादी मोटर क्षणभर ढिली पडते आणि पुढचे कोरीवकाम सरकते.
३. स्पिंडल (कोरणारी मोटर) चालू असताना, कुठलाही स्विच दाबलेला नसताना अलार्म १ येतो.
४. होमिंगला (मशीन स्विच शोधून आपली सुरुवातीची जागा ठरवते तेव्हा) झेड वरच्या टोकाला आदळतो, स्विच दाबला गेला तरी थांबत नाही.

लिमिट स्विच (अक्षाच्या टोकांचे) नॉर्मली ओपन (दाबल्यावरच जोडले जाणारे) आहेत. त्यांच्या आणि स्पिंडलच्या वायरी एकाच केबल चेनमधून जातात.

प्रतिसाद १
$१०० ते $१०२ मध्ये ८०० टाका, अंतर जुळेल.

प्रतिसाद २
अंतर जुळेल, पण ८०० नको. उनोवर जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० स्टेप देते. ८०० ने भागले की ३७.५ मिमी, म्हणजे मिनिटाला २२५० मिमी. तुमचे $११० आहे ५०००!

पहिल्या दोन अडचणींचे मूळ एकच आहे: ड्रायव्हर डीआरव्ही८८२५, पण सगळे आकडे ए४९८८ या दुसऱ्या ड्रायव्हरचे. तिन्ही जंपर लावले की ए४९८८ एक-सोळांश मायक्रोस्टेप देतो, डीआरव्ही८८२५ एक-बत्तिसांश. म्हणून निम्मे अंतर. एम२ चा जंपर काढा, एम० आणि एम१ चे राहू द्या. आता एक-अष्टमांश झाले: २०० × ८ ÷ ८ = २००. हाच आकडा $१०० ते $१०२ मध्ये भरा. $११० ते $११२ आधी १५०० ठेवा आणि २००-२०० ने वाढवत न्या. ५००० ला हा स्क्रू मिनिटाला ६२५ फेरे घेईल. नेमा १७ चा जोर तिथे बराच उतरलेला असतो.

व्हीरेफचेही तेच. १.२ व्होल्ट हा ए४९८८ चा हिशोब (१.५ × ०.८). डीआरव्ही८८२५ मध्ये करंट व्हीरेफच्या दुप्पट, म्हणजे तुम्ही २.४ अँपिअर मागताय. चिप तापते, स्वतःला वाचवायला बंद होते, थंड झाली की परत चालू. मोटर ढिली पडते ती यामुळेच. ड्रायव्हरवरच्या पॉटचा (करंट जुळवायच्या बटणाचा) स्क्रू आणि ग्राउंड यांच्यात मोजून ०.५ ते ०.६ व्होल्टवर आणा, हीटसिंक लावा, वर पंखा ठेवा. पुरवठा चालू असताना मोटरची वायर मात्र कधीही काढू नका, ड्रायव्हर जागीच जातो.

प्रतिसाद ३
झेडचे कारण शील्डवरच्या छपाईत आहे. ती जुन्या जीआरबीएलप्रमाणे आहे. १.१ मध्ये स्पिंडलचा पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा सिग्नल) डी११ पिनवर आला आणि झेडचा लिमिट डी१२ वर गेला. तेव्हा झेडचा स्विच 'स्पिंडल इनेबल' लिहिलेल्या पिनवर लावा. आत्ताची जोडणी आधी सोडा: स्पिंडल चालू असताना तो स्विच दाबला गेला तर आउटपुट पिन थेट ग्राउंडला लागते.

अलार्म १ हा स्पिंडलचा नॉइज दिसतो. स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले, दाबल्यावर उघडणारे) करा आणि $५=१ द्या (लिमिट पिनचा अर्थ उलटा होतो). मग एरवी पिन ग्राउंडला घट्ट बांधलेली राहते आणि वायर तुटली तरी लगेच कळते. स्विचला शील्डेड केबल घ्या, तिची जाळी फक्त कंट्रोलरच्या टोकाला ग्राउंड करा, आणि ती स्पिंडलच्या वायरीपासून वेगळी न्या. पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही लावा.

प्रश्नकर्ता
अंतर बरोबर आले, मोटरी ढिल्या पडत नाहीत, झेड नीट थांबतो. पण $५=१ केल्यापासून '?' (मशीनची स्थिती विचारणारी आज्ञा) दिला की वाय दाबलेला दिसतो (वायला अजून स्विच नाही), आणि एक्सच्या दोन टोकांपैकी कुठलाही स्विच दाबला तरी कळत नाही.

प्रतिसाद ३
वायची मोकळी पिन आतल्या पुल-अपने (पिन वर ओढून धरणाऱ्या रेझिस्टरने) हाय राहते, आणि आता हाय म्हणजे दाबलेला. स्विच बसेपर्यंत वायच्या लिमिट पिनवर ग्राउंडकडे जंपर घाला.

शील्डवर एक्स प्लस आणि एक्स मायनस आतून एकाच पिनला जोडलेले आहेत. दोन नॉर्मली क्लोज्ड स्विच तिथे समांतर झाले, म्हणून एक उघडला तरी दुसरा पिन ग्राउंडलाच धरून ठेवतो. दोन्ही सिरीजमध्ये जोडा आणि एकाच जोडीवर आणा.