जेत्यांनी वंश दिला की केवळ भाषा?

शोधयात्री:
‘जेते भाषा आणि देव देऊन जातात, रक्त नव्हे, हंगेरी पाहा,’ असे परवा इथे छातीठोकपणे लिहिले गेले आणि कोणी हटकले नाही, म्हणून हा धागा. हंगेरीपुरते ते बरोबर आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस तो प्रदेश जिंकणाऱ्या मग्यार टोळ्यांची भाषा टिकली, पण आजचे हंगेरियन जनुकांनी शेजाऱ्यांच्याच जवळचे आहेत. मात्र एका देशावरून सिद्धान्त कसा मांडता? पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधील मध्ययुगारंभीच्या सांगाड्यांचा जो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तेथील सुमारे तीन चतुर्थांश वंशवारसा उत्तर समुद्रापलीकडून आलेला आढळला.

उत्खनक:
ते वाक्य माझेच. आपले उदाहरण विजयाचे नसून स्थलांतराचे आहे; तिथे बायकाही आल्या, कुटुंबेच्या कुटुंबे आली. त्याच बेटावर रोमनांनी साडेतीनशेहून अधिक वर्षे राज्य केले, रस्ते बांधले, शहरे वसवली, तरी जनुकांत त्यांचा माग फारसा लागत नाही. उलट साम्राज्यकाळात खुद्द रोममध्येच पूर्व भूमध्य सागराकडील वंश ठळक होतो.

अनामिका:
जिंकलेल्या प्रदेशातील बायकांना मात्र दोघेही विसरलात. स्पॅनिश जेत्यांनी जिंकलेल्या कोलंबियातील अँटिओकिया प्रांतामध्ये बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्रे सुमारे ९४ टक्के युरोपीय, तर आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सुमारे ९० टक्के मूळनिवासी आहे. याला आपण केवळ सांस्कृतिक प्रभाव म्हणणार का?

उत्खनक:
सोळावे शतक प्राचीन नव्हे. शिवाय मूळनिवासी प्रामुख्याने देवी आणि गोवराच्या साथींनी मेले.

अनामिका:
साथ पुरुष निवडून मारत नाही! प्राचीनच हवे असेल, तर इबेरिया, म्हणजे स्पेन-पोर्तुगालचा द्वीपकल्प घ्या. बाहेरून आलेल्यांमुळे इ.स.पू. २००० पर्यंत तेथील सुमारे ४० टक्के वंशवारसा बदलला. पुरुषवंश मात्र जवळजवळ संपूर्ण बदलला.

दूरस्थ:
पुरुषवंशाच्या या गोष्टींनी आमच्या घरात भांडण लावले आहे. काकांनी लाळेची चाचणी करून घेतली, अहवालात मध्य आशियाई पुरुषवंश निघाला, आणि तेव्हापासून ते स्वतःला चंगीझखानाचे वंशज समजतात. बाबांनी ते खोडून काढले म्हणून दोघे भाऊ आता एकमेकांशी बोलत नाहीत. आशियाच्या मोठ्या पट्ट्यातील सुमारे ८ टक्के पुरुषांत एकच वाय वंश आहे, असे २००३ मध्ये दाखवले गेले. तो चंगीझचा असावा हा केवळ अंदाज होता. त्याची कबरच सापडलेली नाही, तर पडताळणार कशावरून?

शोधयात्री:
वंश चंगीझचा नसेलही, पण एकाच पुरुषाची संतती इतकी पसरली हे तर खरे ना? अहवाल विकणाऱ्यांवरचा राग जनुकशास्त्रावर काढू नका.

दूरस्थ:
राग काढणारच. पूर्वजाचे नाव विकून पैसे कमावले जातात आणि तुटतात ती आमची नाती.

उत्खनक:
दूरस्थ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. इबेरियात पुरुषवंश बदलला, हे नाइलाजाने मान्य करतो. परंतु तो तलवारीने बदलला, की अनेक शतके प्रबळ घराण्यांची मुलेच अधिक जगत राहिल्याने, हे त्या हाडांवरून ठरत नाही.

अनामिका:
ती घराणी प्रबळ कशी झाली आणि स्थानिक पुरुषांचा वंश का खुंटला, हे सांगितल्याशिवाय त्याला ‘केवळ संस्कृती’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.